गैरहजराचा वाटा

मित्रांनो, युद्ध न्याय्य असते की अन्याय्य, हा प्रश्न थोर आहे आणि त्याचे उत्तर देणे माझ्यासारख्या लाकडाच्या तुकड्याचे काम नव्हे. परंतु ज्याच्या देहावर युद्ध पडते त्याला वगळावे, ज्यांच्या केवळ कानांवर ते पडते त्यांचे मत मोजावे आणि त्यालाच लोकमत म्हणावे, हे धर्मसंगत नाही. एवढे म्हणण्याचा अधिकार मात्र मी सोडणार नाही. ते मत मोजण्यासाठीच मला घडविण्यात आले होते.

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. पट्टी म्हणून माझे वय फार नाही. जुने आहे ते माझे लाकूड. सातपाटीच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळीतून झिपरू सुताराने मला कापून काढले. त्याने माझ्या अंगात लांब चीर पाडली, चिरेच्या कडेने खाचा कोरल्या आणि करवंटीचा एक गुळगुळीत मणी तीत सरकता बसविला. एका टोकाला होडी कोरली, दुसऱ्या टोकाला तलवार. होडी कोरताना त्याचा हात सहज चालला. तलवार त्याने कधी जवळून पाहिली नव्हती. ती थोडी कोयत्यासारखी झाली.

मला करवून घेणारी चंद्रकांता ही पालघरची कन्या. मुंबईच्या एका संस्थेत ती समाजशास्त्राचे अध्ययन करीत होती. १९६५च्या सप्टेंबरात युद्ध थांबले, कंदिलांवर चिकटविलेले काळे कागद निघाले आणि तिच्या गुरुजींनी तिला कार्य नेमून दिले : पुन्हा युद्ध व्हावे असे लोकांना वाटते काय, आणि किती वाटते, ते मोजून आण. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही उत्तर देता यावे, म्हणून मी. युद्ध हवे असेल तर मणी तलवारीकडे न्यावा, नको असेल तर होडीकडे; जितके वाटते तितके.

आरंभी मला फार अभिमान वाटला. मनुष्याचे अंतःकरण मोजणारे साधन म्हणजे केवढे थोर! परंतु बोईसरच्या चहाच्या दुकानासमोर, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर जाणाऱ्या कामगारांच्या घोळक्यात, माझा अभिमान उतरला. एक गडी मणी मध्यावर ठेवू लागला. त्याच्या शेजाऱ्याने त्याला कोपर मारले.

"अरे भाई, पूरा सरका दे. सब देख रहे हैं."

त्याने मणी तलवारीला नेऊन भिडविला. त्याच्या मागच्याने तेच केले, त्याच्याही मागच्याने तेच. मित्रांनो, ते मत नव्हते. ती शेजाऱ्याची भीती होती. माझ्याकडून असत्य वदविले जात होते आणि मला जिव्हा नव्हती.

सातपाटीत त्याहून बिकट प्रसंग आला. मासळीच्या लिलावाच्या जागी चंद्रकांता मला घेऊन बसली आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून मारुतीभाऊ बसले. मारुतीभाऊंची बर्फाची गाडी होती आणि गावच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. गृहस्थ दुष्ट नव्हते. आपल्या गावाला कोणी भित्रे म्हणू नये, एवढीच त्यांची तळमळ. पण त्यांच्या दृष्टीसमोर मणी होडीकडे नेण्याचे धैर्य कोणाला व्हावे? गाव एकामागून एक तलवारीला जाऊन भिडू लागले.

तेवढ्यात मासळी विकणारी रंभाबाई आली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने हात लुगड्याला पुसले, प्रश्न ऐकून घेतला आणि मणी होडीच्या शेजारच्या खाचेत ठेवला.

"रंभे!" मारुतीभाऊ म्हणाले, "पोरगा सरहद्दीवर, नि तू होडीकडं ढकलतेस? लोक काय बोलतील?"

"लोकांचं काय रे मारुती? तू चार दिवसांचा पापलेट ताजा म्हणून इकतोस, त्यावर पण बोलतात."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रंभाबाई मात्र हसली नाही. तिने मला हातात तसेच धरून ठेवले आणि चंद्रकांतेला म्हणाली, "माझं झालं. आता पंढरीचं."

"पंढरी कोण?"

"माझा लेक. त्या तिथं हाय तो."

"मावशी, जो समोर हजर असेल त्याचंच मत घेता येतं."

"म्हंजी ज्याच्या अंगावर गोळी येते त्याला सोडून तुमी किनाऱ्यावरच्यांना इचारता?" तिने आजूबाजूला पाहिले. "जमने, सांग गो हिला. होडीवरचा कोण तापानं घरी पडला तर त्याचा वाटा काय करतो आपण?"

जमना तिच्याच आळीतली. ती पुढे येऊन म्हणाली, "काढून ठेवतो. पाटीत घालून वर फडका झाकतो. नाय ठेवला तर त्या होडीवर दुसऱ्या दिवशी कोण चढत नाय."

हे ऐकताच माझ्या अंगातून एक जुनी लहर गेली. मी होडीची फळी होते, मित्रांनो. असे झाकलेले वाटे माझ्यावरूनच उतरले होते. हा नियम कोणत्याही शास्त्रात लिहिलेला मला ठाऊक नाही. पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही.

चंद्रकांतेने हातातली लेखणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बरं, मग त्यांच्या वतीनं तुम्हीच मणी ठेवा."

"मी? त्याचा वाटा मी खाऊ काय? तो येल नि घेल."

असे म्हणून तिने मला पाटीत ठेवले, वर फडका झाकला आणि ती चालू लागली.

मारुतीभाऊ उठून ओरडले, "अगो, सरकारी वस्तू हाय ती!"

"मंग सरकारला सांग, ये नि ने!"

सरकारचा आणि माझा काहीही संबंध नव्हता. पण ते उत्तर मला आजही कंठस्थ आहे.

तिच्या घरी कुडाच्या भिंतीवर, जाळ्याच्या खुंटीला, मी अडकून राहिले. मारुतीभाऊंनी तिला बर्फ देणे बंद केले. ताजी मासळी पालघरच्या बाजारापर्यंत टिकेना; ती सुके बोंबील विकू लागली. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका जरा दूर सरकून बसू लागल्या. ती एकटी बसू लागली. पण मला परत द्यावे असे एकदाही बोलली नाही. मारुतीभाऊंनी चंद्रकांतेला सुचविले, "बाई, कशाला घोर करता? लिहून टाका, समदं गाव तलवारीकडं." चंद्रकांता म्हणाली, "वाटा झाकलेला आहे, भाऊ. तो उघडल्याशिवाय मी सातपाटीचं एक अक्षर लिहिणार नाही." गुरुजींचा रोष तिने पत्करला. त्या दिवशी मला कळले की आम्ही दोघी एकाच झाडाच्या आहोत.

खाऱ्या हवेने माझे अंग फुगले. मणी चिरेत घट्ट बसला. उपेक्षा म्हणतात ती हीच असेल, तर तिला मी भीत नाही.

पुढच्या वर्षी, पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून शाकारण्याच्या दिवसांत, पंढरी आला. लष्करी इस्पितळातून आला. डावा पाय आखडलेला. आईने त्याला भात वाढला, तो जेवून उठेपर्यंत थांबली आणि मग मला खुंटीवरून काढून त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तुझा वाटा," ती म्हणाली.

निरोप गेला तशी चंद्रकांता आली. मारुतीभाऊ हार घेऊन आले. अंगण भरले.

"दाखव रे पंढरी," मारुतीभाऊ हार उंचावून मनापासून म्हणाले, "दाखव गावाला, तुझा मणी कुठं!"

पंढरीने मला उलटसुलट पाहिले. "तुमी कुठं ठेवलात, भाऊ?"

"शेवटच्या खाचेत!"

"मंग चला."

"कुठं?"

"त्या खाचेत. मी तिथनंच आलो. वाट दाखवतो."

मारुतीभाऊंच्या हातातला हार हळूहळू खाली आला. पंढरीने आगपेटीच्या काडीने चिरेतले मीठ खरवडले आणि अंगठ्याने मणी दाबला. मणी कुरकुरत सरकला, होडीपर्यंत गेला आणि थांबला.

"परत बोलावणं आलं तर परत जाईन," तो म्हणाला. "ते माझं काम. पण तुमी काय पायजे ते इचारलंत, म्हणून हे." मग तो आईकडे वळला. "आये, अजून एक वाटा झाकून ठेव. सरहद्दीवर माझ्यासमोर होता त्याचा. त्याची पण आये असंल, अशीच बसलेली."

रंभाबाईने एक रिकामी पाटी घेतली आणि तिच्यावर फडका घातला.

दुसऱ्या दिवशी गावानेच चंद्रकांतेला थांबवून घेतले. आमचे पुन्हा घ्या, म्हणाले. तिने दोन वाशांवर जाळे टाकून आडोसा केला. एकेकाने आत यावे, मणी ठेवावा, आणि पाहणारे कोणी नसावे. मणी कोठे कोठे गेला म्हणून सांगू! कोणी होडीला, कोणी मध्यावर, कोणी खरोखरच तलवारीला, आणि त्या हातांचाही मी मान राखला, कारण ते हात स्वतःचे होते. सर्वांच्या शेवटी मारुतीभाऊ आले. बराच वेळ मला धरून बसले. जाताना रंभाबाईच्या दारात बर्फाची लादी ठेवून गेले.

त्यांनी मणी कोठे ठेवला? ते मी सांगणार नाही. समितीने विचारले, गावाने विचारले. तुम्हीही विचारू नका. आडोशात ठेवलेले मत हाही झाकलेलाच वाटा असतो.

चंद्रकांतेचे लेखन गुरुजींना पसंत पडले नाही. पट्टी फुगलेली, मोजमाप अशुद्ध, असा त्यांचा अभिप्राय झाला. मी सातपाटीतच राहिले. आता रंभाबाई जाळे विणताना जाळ्याच्या डोळ्याचे, म्हणजे भोकाचे, माप घेण्यास मला वापरते. मणी काढून टाकलेला नाही. तो पंढरीने ठेवला तेथेच आहे.

मित्रांनो, पुढे तुम्ही मोठे व्हाल आणि पुष्कळ गोष्टी मोजाल. मोजण्यापूर्वी एकदा आजूबाजूला पाहा आणि येथे कोण हजर नाही, असे विचारा. कोणी तुमच्या हातातला मणी ढकलू लागला, तर हात घट्ट धरा.

पंढरीचा पाय बरा होवो. चंद्रकांतेची लेखणी न वाकता चालो. मारुतीभाऊंना शांत झोप लागो. आणि समोरच्या किनाऱ्यावर जी कोणी माता पाटी झाकून बसली असेल, तिच्या पाटीवरचा फडका तिच्या लेकाच्याच हाताने उघडला जावो.