मधोमध भोक पाडलेली कोकी

भीमराज पहिल्या पाळीत मशीन खोलून बसला होता, तेव्हा गेटवरचा वॉचमन आला आणि म्हणाला, हात धू आणि दवाखान्यात जा. वाटेतच भीमराजला कळून चुकलं. दोन दिवसांच्या तापात त्याची बायको लाजो गेली होती.

लाजो पिंपरी कँपातली सिंधी. औषधांच्या कंपनीत ती बाटल्यांना लेबलं लावायची आणि भीमराज तिथंच फिटर, तसं त्यांचं जमलं. ती दापोडीच्या बौद्ध वस्तीत नांदायला आली आणि तिचा बाप पोहूमल, कँपातला कापडाचा दुकानदार, पुन्हा तिच्याशी बोलला नाही, नात सुमन झाली तेव्हाही नाही.

लाजोच्या दिवसकार्याला, जलदान विधीच्या दिवशी, भीमराजची आई तानुबाई चुलीपुढं बसून कोक्या भाजत होती. कांदा-कोथिंबीर घातलेली ही सिंध्यांची जाड पोळी तिला सुनेनं शिकवली होती. शेजारचा दत्तोबा दारात येऊन म्हणाला, "तानुबाई, विधी आपला, मग जेवण बी आपलंच असू दे. लोक नावं ठेवतील."

"तुझ्या पोरीच्या बारशाला लाजोनं केलेल्या ह्याच कोक्या ताटभर हादडल्या व्हत्यास, तवा न्हाई ठेवलीस नावं."

"आई म्हणते तेच," भीमराज म्हणाला. "वंदना आपली, पंगत लाजोच्या माहेरची. ती दोन्हीकडची व्हती आन मला त्याचा कधी कमीपणा वाटला न्हाई."

वंदना सुरू झाली तेव्हा पोहूमल आला. टोपी हातात धरून मागं बसून राहिला. पंगतीला बसताना भीमराजला म्हणाला, "जावईबापू, सुमनला माझ्याकडे द्या. आई गेली. पोर आमच्या लोकांत वाढू दे."

जावईबापू ही हाक भीमराज आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता आणि तीही पोर मागण्यासाठी.

दत्तोबा मधेच बोलला, "द्या की राव. तशी बी ती अर्धीच आपली."

बारा वर्षांची सुमन पंगतीत जेवण वाढत होती. तिनं पोहूमलच्या ताटात कोकी ठेवली. तो बघतच राहिला.

"कोकीला भोक? हे कुठलं?"

"म्या पाडलं," तानुबाई चुलीपासून म्हणाली. "थालीपिठाला पाडते तसं. लाजो पोट धरून हसली व्हती. मग तीबी पाडायला लागली."

सुमन आजोबाला सिंधीत म्हणाली, "नानो, आमच्या घरची कोकी अशीच असते. गरम आहे तोवर खा." मग दत्तोबाकडं वळली. "आन काका, मी अर्धी कशी? तुमच्यापेक्षा एक भाषा जास्तच येते मला."

पंगतीत हसू फुटलं. दत्तोबाही हसला. पोहूमलनं मान खाली घालून कोकी संपवली आणि दुसरी मागून घेतली.

"मुलीसारखीच बोलते माझ्या," तो म्हणाला.

मग भीमराज म्हणाला, "सुमन हितंच राहील मामा. दर रविवारी तुमच्याकडं येईल. पर ती कुणाची हाय ते तिथं चारचौघांत सांगायचं. आन संगं माझी आई येईल."

पोहूमलनं होकाराची मान हलवली.

तेव्हापासून दर रविवारी आजी-नात बसनं कँपात जातात. गिऱ्हाइकांसमोर पोहूमल सांगतो, ही लाजोची मुलगी, वडील दापोडीचे, आणि ही तिची आजी. तानुबाईला तो गादीवर बसवतो, चहा देतो. सुमन आत घरात जाऊन मामीशी, लाजोच्या भावजयीशी, बोलून येते.

दुकानामागच्या त्या घरात तानुबाईला मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही. सासूला घेऊन माहेरी जेवायला जायचं, असं लाजो म्हणायची. ते राहिलं आहे.