गुडघ्यावरचा राजा

राजाचा डावा पाय पुढे असतो. आमच्या कारखान्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही. नदी उत्तरेला वाहते हे पोरांना जसं आपोआप कळतं, तसंच हेही कळतं. राजा प्रत्यक्षात म्हातारा असो, दोन पावलांत त्याला धाप लागत असो, दगडात तो तरणा, रुंद खांद्यांचा, सपाट पोटाचा, आणि डावा पाय पुढे. तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा घरं, एक घर म्हणजे त्याची एक मूठ. गेरूत भिजवलेली दोरी ताणून शिळेच्या चारी अंगांवर ही घरं आखायची, पुढून, मागून आणि दोन्ही कुशींकडून राजा काढायचा, आणि चारी बाजूंनी आत शिरत जायचं. सगळे आत भेटले की राजा उभा राहतो.

माझा नवरा सेनबी हा मेम्फिसच्या या कारखान्याचा मुख्य मूर्तिकार. मी हेनुत. पहाटे खाराच्या पाण्याने तोंड धुऊन मी प्ताहच्या देवळामागे जाते. तिथल्या भिंतीत एक दगड बसवलाय, त्यावर नुसते कान कोरलेत. आमच्यासारख्यांना आत जाता येत नाही, म्हणून देवाने आपले कान बाहेर ठेवलेत. आदल्या दिवशी काय केलं आणि काय केलं नाही ते तिथे सांगायचं, हे माझं रोजचं व्रत. त्या दगडाशी मी कधी खोटं बोललेली नाही. मग कारखान्यात यायचं आणि रंग वाटायला बसायचं. राजाचा तांबूस, राणीचा पिवळा, केसांचा काळा, सगळे माझ्या पाट्यावरून जातात.

त्या वर्षी देवळाच्या पुढच्या अंगणासाठी राजाची उभी मूर्ती घडत होती. पूर ओसरल्यावर प्ताहचा उत्सव, त्यात मूर्तीचं मुख उघडायचं, म्हणजे तिच्यात जीव यायचा. लाल ग्रॅनाइटची शिळा दक्षिणेहून नावेने आली होती. डोकं झालं होतं, शिरोवस्त्राच्या चुण्या झाल्या होत्या, खांदे बाहेर आले होते. कमरेखाली अजून चौकोनी दगडच होता. टाकीच्या धुळीने रेघा पुसल्या म्हणून सेनबीने शिळा धुतली, पुन्हा घरं आखायला.

ऊन कडक होतं. पाणी बघता बघता सुकलं. फक्त गुडघ्याच्या घराखाली एक बारीक ओली रेघ राहिली, डाव्या अंगापासून उजव्या अंगापर्यंत.

"वाळत का नाहीये ती?" केन्ना म्हणाला. केन्ना आमच्यातला दुसरा मूर्तिकार, शेजारी राजाचीच एक लहान उभी मूर्ती घडवत होता; हात चांगला, जीभ त्याहून चांगली.

सेनबीने पुढे होऊन रेघेवर बोट फिरवलं. कुटायचा काळा गोटा घेतला, वर खांद्याजवळ ठोकला. दगड खणखणला. मग रेघेखाली ठोकला. फुटक्या घागरीसारखा आवाज आला.

"चीर," तो म्हणाला, आणि तिथेच बसला.

बातमी ऐकून कारभारी हापू धावत आले. राजाची सगळी कामं त्यांच्या हाताखाली. माणूस बोरूसारखा काटकुळा, पण कारखान्याच्या दारात त्यांची स्वतःची मूर्ती आहे तिच्या छातीखाली चरबीच्या वळ्या आहेत. आमच्याकडे मोठ्या माणसाने खाल्लंप्यालेलं दिसायला हवं, म्हणून त्यांनी त्या मुद्दाम सांगून घालून घेतल्या. पहिल्यांदा घातल्या तेव्हा म्हणाले होते, "अजून एक वळी घाल रे, मी काय कारकून आहे का?"

"नवीन शिळा?" सेनबीने विचारलं.

"नवीन शिळा येईतो उत्सव होऊन जाईल. मग मी काय सांगू वर? दगड फुटला म्हणून? दगड निवडला कोणी? तू." हापू चिरेवर नख फिरवत होते. "भरून टाक. खडूचा लेप, त्यात या दगडाची भुकटी, वरून रंग. बाईंच्या रंगाखाली काय दिसतंय?"

"मीही तेच म्हणत होतो," केन्ना म्हणाला.

"आणि नाही भरली तर," हापू सेनबीला म्हणाले, "पूर्वेकडच्या वाळवंटातली खाण आहेच. तिथेही माणसं लागतात." ते हे रागाने बोलले नाहीत, आणि म्हणूनच खरं वाटलं. त्या खाणीवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. परत येतात ती खोकतच.

"कारभारी," मी म्हटलं, "मुख उघडताना पुजारी मूर्तीला सांगतो, बघ, बोल, चाल. चाल म्हटल्यावर राजाने लेपाच्या पायावर चालायचं?"

"राजाला चालायला पालखी आहे, बाई."

सगळे हसले. मीही थोडी हसले, कारण उत्तर चांगलं होतं. मग म्हटलं, "तो रंग मी वाटणार नाही."

"का?"

"उद्या पहाटे कानांच्या दगडापुढे काय सांगू? राजाचा पाय लपवला म्हणून?"

"तिथे नका सांगू."

"मग जायचंच कशाला?"

हापूंनी सेनबीकडे पाहिलं, जसं काही माझ्या तोंडाची जबाबदारी त्याची होती. "मी दक्षिणेला निघालोय, नव्या ओसरीच्या खांबांचं बघायला. येईन तेव्हा राजा उभा पाहिजे. रंग कोण वाटतं याच्याशी मला घेणं नाही."

घरी आल्यावर सेनबी बोलेना. मी पुढ्यात भाकरी आणि कांदा ठेवला, बिअर ओतली. तो शिवलाही नाही.

"बोला तरी," मी म्हटलं.

"काय बोलू? तुझं व्रत राहील, मी जाईन खाणीवर. छान होईल."

"अहो, मी लेप नको म्हटलं. मूर्ती नको म्हटलं का?"

"चिरेवर उभा करू राजाला? कुटताना मोडेल पाय. उजवा पाय पुढे घेऊ? सगळं गाव हसेल. दोन्ही पाय जुळवून उभा करू? ती मेलेल्या राजाची ठेवण, ओसायरिससारखी. जिवंत राजाला तसा उभा केला तर खाण परवडली म्हणायची वेळ येईल."

"चीर कुठे आहे?"

"पाहिलीस ना? गुडघ्याखाली."

"मग गुडघ्याखाली दगड लागणारच नाही असं करा."

त्याने मान वर केली.

"बसवा ना त्यांना," मी म्हटलं. "गुडघ्यावर. दोन्ही हातांत द्राक्षासवाचे घट, देवाला द्यायला. भिंतीवर कोरलेत की तसे राजे. दगडातही असतील जुने."

"राजाला गुडघ्यावर आणू? मी?"

"तुम्ही कोण आणणारे? देवासमोर मुलगा बसतो. प्ताह त्यांचा बापच आहे."

"कारभाऱ्यांनी उभा सांगितलाय."

"कारभाऱ्यांनी लबाड उभा सांगितलाय. तुम्ही खरा बसलेला द्या."

हे मी फार हळू बोलले, पण त्यात मला काडीचीही शंका नव्हती. आजही नाही. देवाला द्यायची वस्तू कशी असावी हे मला माहीत होतं. ती कशी घडवायची हे मात्र त्याचं काम.

तो उठला, अंगणातल्या मातीत बोटाने घरं आखायला लागला. "डोकं तेच. म्हणजे घर तेवढंच मोठं. छाती तीच. पाऊल टाकायला पुढे दगड ठेवलाय, त्यात मांड्या बसतात. मागे पाठीचा खांब होता, त्यात टाचा..." तो थांबला. "हेनुत, बसतोय! चिरेच्या वर एक घर उरतंय, बैठकीला!"

"भाकरी खा आता."

दुसऱ्या दिवशी त्याने चिरेच्या रेघेवरच शिळा कापायला सुरुवात केली. तांब्याचं पातं, वाळू आणि पाणी. केन्ना शेजारी उभा राहून म्हणाला, "सेनबीभाऊ, अजून थांबा. कापलेला दगड चिकटवता येत नाही."

"तेच तर बरं आहे," सेनबी म्हणाला. "मला मागे फिरायचंच नाहीये."

खालचा तुकडा वेगळा झाला तेव्हा चिरेच्या आत माती भरलेली दिसली, सबंध दगडभर. केन्नाने ती बोटावर घेऊन चोळली. लेप लावला असता तर पहिल्याच वर्षी तो पडला असता, हे त्यालाही कळलं. त्या दिवसापासून तो आपल्या वाट्याची मूर्ती सोडून दुपारी आमच्याकडे घासायला यायचा.

खरी अडचण पुढेच आली. राजा गुडघ्यावर बसला की त्याचे तळवे मागे दिसतात. उभ्या राजाचे तळवे दगडाच्या आत असतात. आमच्यातल्या कोणीही आजवर ते कोरले नव्हते.

"बस," सेनबी मला म्हणाला. "गुडघ्यावर बस, बोटं दुमडून."

मी बसले. तो मागे उकिडवा बसून बघत राहिला.

"टाचा बघा वहिनींच्या," केन्ना म्हणाला. "पूर आटलेल्या शेतासारख्या. राजाला अशा दिल्या तर थेट खाण."

"अनवाणी चालून झाल्यात, भाऊजी. तुमच्या बायकोला बसवा, ती उंबऱ्याबाहेर पडत नाही."

"तिला बसवलं तर उठवायला चार माणसं लागतील."

मी रोज थोडा वेळ तशी बसत असे. सेनबीने बोटं माझी घेतली, दाबलेली, अंगाचं वजन पेलणारी. टाचा घेतल्या गुळगुळीत, राजाच्या. घटांवरची बोटं झाली, पोटरी मांडीखाली दबून जशी फुगते तशी फुगली. शेवटी मी तांबूस रंग वाटला आणि तो लावला. त्या रंगाखाली दगडाशिवाय काही नव्हतं.

पूर ओसरत आला होता तेव्हा हापू परत आले. काळवंडले होते, आणखी वाळले होते. अंगणात शिरताच त्यांची नजर मूर्तीवर गेली आणि ते सरळ तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

"हे काय? सेनबी! राजाला गुडघ्यावर आणलंस तू?"

सेनबीने आवाज चढू दिला नाही. "कारभारी, चीर आरपार होती. खालचा तुकडा तिकडे पडलाय, बघा. वरचा दगड निर्मळ आहे."

"तुकडा गेला खड्ड्यात! मी उभा सांगितला होता. लोक काय म्हणतील? राजा गुडघ्यावर बसून घट देतोय, कोणाला देतोय? सांग ना, कोणाला..."

त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. राजाची मान ताठ होती, नजर समोर होती, आणि दोन्ही घट हापूंच्या पोटाच्या उंचीवर, त्यांच्याकडे पुढे केलेले होते.

उत्तर-दक्षिण दोन्ही देशांचा धनी, प्ताहचा मुलगा, कारभारी हापूंसमोर गुडघे टेकून बसला होता, आणि हापू कमरेवर हात ठेवून त्याची पूजा घेत होते.

मी माझ्या आयुष्यात कोणाला इतक्या चपळाईने बाजूला उडी मारताना पाहिलेलं नाही. त्यांची चप्पल तिथेच राहिली.

"कोणी पाहिलं नाही ना?" ते पुटपुटले. पाहिलं सगळ्यांनी होतं. केन्ना खांबाकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"घट कोरल्यापासून आम्ही कुशीकडूनच काम करतो," मी सांगितलं. "समोर कोणाला उभं राहवत नाही."

"अजून मुख उघडलेलं नाही हिचं," हापू म्हणाले.

"नाही ना. तरी."

ते बराच वेळ बाजूने बघत राहिले, खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून टाचेवर. मग चालत मागे गेले आणि तळव्यांपाशी वाकले. बोट लावायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"ही अंगणात ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "तिथे गाढवं जातात, कांदेवाल्या जातात. राजा काय कांदेवालीसमोर बसणार? ही आतच जाईल, गाभाऱ्यापुढे, देवाच्या समोर. मी वर सांगेन, राजाने आपणहून बापाला पूजा वाहिली." आता त्यांचा आवाज त्यांना सापडला होता. "हे मला आधीच सुचलं होतं म्हणेन."

"म्हणा की," सेनबी म्हणाला.

"आणि अंगणात केन्नाची उभी मूर्ती जाईल. लोकांना उभा राजा दिसला पाहिजे."

"खाणीचं काय?"

"कसली खाण?" हापू म्हणाले आणि चप्पल आणायला कोणालातरी पाठवलं, कुशीकडून जा म्हणून बजावून.

मूर्ती न्यायच्या दिवशी पुन्हा तीच पंचाईत झाली. घसरगाडी ओढणारे पुढे चालतात, आणि राजा त्यांच्या पाठींना घट देणार! मी घरातलं सगळ्यात मोठं तागाचं वस्त्र आणलं आणि मूर्तीवरून टाकलं. पुजाऱ्यांनी ती आतल्या दाराशी ताब्यात घेतली. आत त्यांच्याशिवाय कोणी जाऊ शकत नाही; घडवणाराही नाही. आम्ही दोघं बाहेरच्या उन्हात उभे राहिलो. आत मंत्र झाले, मुख उघडलं, वस्त्र बाहेर आलं, घडी करून. मग दार लागल्याचा आवाज आला.

"केन्नाची मूर्ती सगळं गाव बघेल," सेनबी म्हणाला. "माझं सगळ्यात चांगलं काम अंधारात गेलं. मीही ते पुन्हा पाहणार नाही. समोर कोणी उभंसुद्धा राहणार नाही तिच्या."

"कोणी कसं नाही?" मी म्हटलं. "ज्याच्यासाठी घट धरलेत, तो आता समोर आहे."

सेनबीने वस्त्र माझ्या हातातून घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि उद्या कोणती शिळा धुवायची ते सांगत घराच्या वाटेला लागला.