सहा पेले आणि एक नेम

हैदराबादेत नारायणगुड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बुधवारी सकाळी ओट्यावर चार पेले ओळीनं उभे होते. एक चोचीचा, एक नळीचा, एक मऊ रबरासारखा, दाबला की चेपणारा. चौथ्याला ना चोच, ना नळी. कडेला कुठूनही ओठ लावले की दूध येतं आणि उलटा धरला तरी थेंब सांडत नाही, असा त्याचा लौकिक होता. तो प्रथमेशनं मागवला होता आणि पहिले दोन दिवस तो स्वतःच त्यातून ताक पीत होता.

ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, त्या तनूबाई, वय दहा महिने, उंच खुर्चीत बसून चारही पेल्यांकडे न पटलेल्या स्थळांकडे पाहावं तशा पाहत होत्या.

सोमवारी तनूची आई मृण्मयी परत ऑफिसला जायची होती. सहा महिन्यांची रजा संपली, वर चार महिने बिनपगारी काढले, आता आणखी मागायला तोंड नव्हतं. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवता येत होतं. पण बाटलीकडे तनू ढुंकूनही पाहत नव्हती आणि पेला ओठाशी नेला की तोंड घट्ट मिटून घ्यायची. सोमवारपर्यंत ती पेल्यातून प्यायला लागली तर तिनं घरी आजीजवळ राहायचं. नाही लागली, तर तिला मृण्मयीच्या ऑफिसजवळच्या पाळणाघरात टाकायचं, म्हणजे दुपारी आईला तिथं जाऊन पाजता येईल. रोज जायला एक तास, यायला दीड.

आजी म्हणजे शैलाताई. प्रथमेशची आई. नातीसाठी पुण्याहून आलेल्या. पहाटे उठून स्नान, तुळशीला पाणी, सहस्रनाम, आणि देवाचं सगळं झाल्यावर मग पाण्याचा पहिला घोट. हा त्यांचा क्रम घर बदललं तरी बदलत नसे. नात पाळणाघरात गेली तर आपण इथं बसून करायचं काय, हा विचार त्या सोमवारपर्यंत मनात येऊ द्यायचा नाही असं रोज ठरवत आणि रोज तो येई.

त्यातून त्यांची पंचाईत दुहेरी होती. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. शैलाताईंनी यंदा आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून सल्ला सोडला होता. चार महिने कुणाही मोठ्या माणसाला 'असं कर' किंवा 'असं करू नको' म्हणायचं नाही. विचारलं तरी नाही.

कारण तसंच घडलं होतं. गेल्या वर्षी थोरल्या लेकीच्या, वंदनाच्या बाळंतपणाला त्या नाशिकला गेल्या होत्या. निघताना वंदना पाया पडली आणि हळूच म्हणाली, "आई, तू आलीस आणि मला वाटायला लागलं, की मला यातलं काहीच येत नाही." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पुण्यापर्यंतच्या बसमध्ये शैलाताईंना ते वाक्य खिडकीबाहेर टाकता आलं नाही.

नेम कुणाला सांगायचा नव्हता. बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं, अशी त्यांची समजूत. मोडला तर दुसऱ्या दिवशी एकच वेळ जेवायचं. पहिल्याच आठवड्यात "अगं, मोहरी तडतडू दे तरी" असं तोंडातून निसटलं आणि एक दिवस एकभुक्त घडलं. तेव्हापासून त्यांनी युक्ती काढली होती. सल्ला जिभेवर आला की तिथं एक लवंग ठेवायची. पदराला पुरचुंडी बांधलेलीच असायची.

त्या आठवड्यात लवंगांची चंगळ झाली.

डॉक्टर म्हणाले, चोचीचा नको, दातांना चांगला नाही, उघडा पेला द्या नाहीतर नळीचा. मृण्मयीची आई अश्विनीताई मुंबईहून व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "चोचीचाच दे. तू त्यातूनच प्यालीस. तुझे दात बघ कसे मोत्यासारखे आहेत! दाखव दाखव, डॉक्टरांना दात दाखव!" इमारतीतल्या आयांच्या ग्रुपवर नळीच्या बाजूच्या आणि नळीच्या विरुद्धच्या अशी दोन राज्यं झाली आणि मृण्मयीनं साधा प्रश्न विचारला होता हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. शैलाताईंनी एक लवंग चावली.

शेजारच्या वरलक्ष्मी आंटी ही बातमी लागताच चांदीचं एक चोच असलेलं भांडं पदराखाली धरून आल्या. "ये उग्गु गिन्ने है अम्मा. मेरे तीनों बच्चे इसीमें पिए. गोदी में लिटाव, हल्लू पिलाव, बस!"

"अगंबाई, हे तर आपलं बोंडलं!" शैलाताईंना राहवलं नाही. हा काही सल्ला नव्हता, नुसता आनंद होता, तेव्हा चालून गेलं. पण तनूला मांडीवर आडवं घेताच तिनं असा काही धनुष्यासारखा देह ताणला, की दूध आंटींच्या साडीवर आणि उग्गु गिन्ने फरशीवर.

"पर्वा नै," आंटी साडी झटकत म्हणाल्या. "बच्ची शेर है." भांडं मात्र ओट्यावर ठेवून गेल्या. पाच झाले.

गुरुवारी सासू-सून तनूला घेऊन सुलतान बाजारात भांड्यांच्या दुकानी गेल्या. दुकानदार म्हातारा, गोड बोलणारा. त्यानं तनूला पाहिलं आणि मुठीत मावेल एवढी स्टीलची पेली पुढं केली.

"ये लेके जाव अम्मा. हमारे घर में सब बच्चे इसमेंच पीते."

"स्टील नक्को जी," शेजारी कढई ठोकून बघणारी एक बाई मध्येच म्हणाली. "ताँबे का लेव. दिमाग तेज होता."

"ताँबे में दूध? क्या बाताँ करते आपा!"

"तो तुम बोलो, तुम कित्ते बच्चे पाले?"

दोघांचं जुंपलं. गिऱ्हाईकं बाजू घेऊ लागली. मृण्मयीनं तनूला खांद्यावर टाकलं, पेली उचलली आणि पैसे देऊन निघाली. रिक्षात बसल्यावर ती हसायला लागली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. शैलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मनात निदान चार वाक्यं होती. त्यांनी लवंग तोंडात टाकली.

मृण्मयीनं डोळे पुसत त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

घरी खुर्चीत बसवून ती पेलीही दाखवून झाली. मृण्मयी समोर, प्रथमेश मोबाइलवर चित्रण करायला सज्ज, अश्विनीताई व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवत. तनूनं तोंड मिटलं. सहावं स्थळही नापास.

शुक्रवारी सकाळी शैलाताई तनूला आंघोळ घालत होत्या. तेल लावून, मळून, उन्हाळी कलिंगडासारखी गुळगुळीत झालेली पोर टबात बसवली होती. साबण घ्यायला त्या वळल्या आणि परत पाहतात तर तनूनं टबातली छोटी लोटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलेली. आंघोळीचं पाणी! गटागटा दोन घोट घेतले, उरलेलं पोटावर ओतलं आणि स्वतःवरच खूश होऊन हसली.

"अगं, ते नाही प्यायचं सोन्या," म्हणत त्यांनी लोटी काढून घेतली. मग हात तसाच थांबला. हे पोरीनं काल केलं होतं. परवाही. रोज त्या लोटी काढून घेत होत्या आणि रोज विसरत होत्या. बाहेर सहा पेल्यांची सभा भरत होती आणि आत ही बया रोज बिनबोभाट पीत होती.

शनिवारी त्यांनी उकळून गार केलेलं पाणी त्या सुलतान बाजारातल्या पेलीत घेतलं आणि पदराआड न्हाणीत नेलं. पेली टबात नुसती ठेवली. आपण पाठ करून टॉवेलाची घडी घालत बसल्या. मागून घुटकन आवाज आला.

त्यांना देवासमोर दिवा उजळल्यासारखं वाटलं. पण पुढं काय? सांगावं तर नेम मोडतो. न सांगावं तर सोमवार येतोय. आणि दूध काही न्हाणीत द्यायचं नव्हतं. अन्न ते अन्न. तिथं बसून पाजायला त्यांचं मन धजेना.

दुपारी मृण्मयी लॅपटॉप उघडून बसली होती. शैलाताई चहा घेऊन गेल्या तर ती म्हणाली, "आई, मी पाळणाघराला होय म्हणून कळवतेय. आणि पाच वाजता आपल्याला डेंटिस्टकडे जायचंय. वेळ घेतलीये."

"कुणासाठी गं?"

"तुमच्यासाठी! मला काय दिसत नाही का? आठवडाभर दाढेखाली लवंग धरून बसलाय. तोंडातून शब्द नाही. दुखतंय तर सांगायचं ना आई! मी माझ्याच रडगाण्यात, आणि तुम्ही सोसत बसलात."

"अगं, माझे दात छान आहेत."

"मग बोलत का नाही तुम्ही?" मृण्मयीचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "दुकानदार बोलला, आंटी बोलल्या, ज्यांना मी ओळखत नाही त्या बायका ग्रुपवर बोलल्या. तुम्हीच तेवढ्या गप्प. मला वाटलं, एक दाढ तरी दुखत असेल. नाहीतर... नाहीतर मी तुम्हाला आवडत नसेन."

शैलाताई मटकन खुर्चीत बसल्या. नेमाच्या पुण्याचं काय व्हायचं ते होवो, असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. एकादशी, नेम, वंदनाचं वाक्य, मोहरी, लवंग.

दारातून ऐकणारा प्रथमेश म्हणाला, "आईनं सल्ला सोडला? आई, तू श्वास सोडला असतास तर सोपं गेलं असतं."

"गप रे!" मृण्मयीनं त्याला झापलं. मग शैलाताईंचा हात धरून म्हणाली, "आई, एकदाच विचारते. तुम्हाला काय वाटतं? कुठला पेला?"

शैलाताईंनी खरंच विचार केला. तीस वर्षांपूर्वीचा प्रथमेश आठवायचा प्रयत्न केला. तो कशातून प्याला, कसा शिकला, काही म्हणजे काही आठवेना. वंदनाला मात्र त्यांनी किती ठामपणे सांगितलं होतं!

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "अगदी खरं सांगते. माहीत नाही."

मृण्मयी त्यांच्याकडे बघतच राहिली. आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं होतं. तिचे खांदे एकदम खाली आले.

"पण मी एक पाहिलंय. ते सांगते. पाहिलेलं सांगणं म्हणजे सल्ला नव्हे," शैलाताई म्हणाल्या आणि त्यांनी टबाची हकीकत सांगितली.

मृण्मयी पूर्ण ऐकायलाही थांबली नाही. "म्हणजे तिला सांडायचंय! स्वतः धरून, कुणी समोर न बसता! आम्ही आपले फरशी खराब होईल म्हणून पेला सोडतच नव्हतो." ती उठलीच. "चला, न्हाणीत दूध देऊ."

"न्हाणीत नको गं—" शैलाताईंनी जीभ चावली.

"हा सल्ला झाला," प्रथमेश म्हणाला.

"उद्या एकभुक्त," शैलाताई हताशपणे म्हणाल्या.

शेवटी टबच न्हाणीतून बाहेर आला. घासून, कोरडा करून बाल्कनीत श्रावणातल्या उन्हाच्या कवडशात ठेवला. तनूला नुसत्या लंगोटात त्यात बसवलं. पेलीत तीन घोट दूध. मृण्मयी दाराआडून, पडद्याच्या फटीतून बघत होती. प्रथमेशला मोबाइल खिशात ठेवायला लावला होता. शैलाताई जवळच, पण तोंड फिरवून, वाती वळत बसल्या होत्या.

तनूनं पेली उचलली, उलटी केली. दूध गुडघ्यावर. तिनं त्यात बोट फिरवून पाहिलं. आजीनं पुन्हा मुकाट्यानं तीन घोट ओतले. पुन्हा गुडघ्यावर. तिसऱ्यांदा अर्धं हनुवटीवरून ओघळलं आणि अर्धं आत गेलं. चौथ्यांदा ती रिकामी पेली टबावर आपटून ओरडली.

"आणखी मागतेय," पडद्याआडून मृण्मयीचा आवाज आला, इतका हलका, की शैलाताईंना ती रडतेय की हसतेय कळेना. पाळणाघराला तिनं काही कळवलं नाही. रविवारी मात्र तनू दोनदा प्याली आणि दोनदा पेली बाल्कनीच्या कोपऱ्यात भिरकावली. त्यामुळे सोमवारी निघताना मृण्मयीचा पाय दारातून निघेना.

अकराला तिचा फोन आला. साडेअकराला आला. बाराला आला.

"आई, खरं सांगा. किती?"

"सकाळचं अर्धं पोटात, अर्धं टबात. आत्ताचं..." शैलाताईंनी पेलीत डोकावून पाहिलं. "आत्ताचं सगळं पोटात, बाई. तळाला थेंब नाही."

मग मृण्मयी म्हणाली, "सगळं?" आणि नंतर, "ठेवते हं, मीटिंग आहे." पण फोन काही तिनं ठेवला नाही. खुर्ची सरकली, पावलं वाजली आणि मग तिचाच आवाज, लांबून पण स्पष्ट, कुणा शिवानीशी बोलताना.

"कप का कुछ नहीं रहता शिवानी, कोई भी ले ले. तू क्या कर, सूखे टब में बिठा. और सामने खड़ी मत रह, बिलकुल नहीं. सांडने दे... मतलब गिराने दे. नहीं नहीं, नौ महीने से ही चालू कर, मैं बोल रही हूँ ना..."

तोच आवाज. ठाम, भरभर, समोरच्याला श्वास घ्यायला जागा न ठेवणारा. शैलाताईंना तो चांगलाच ओळखीचा होता. आवाजामागचा आनंदही त्यांना ओळखीचा वाटला. वंदनाला हे सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं. संध्याकाळी फोन करू, नुसतं हे सांगायला.

टबातून पेली आपटल्याचा आवाज आला. शैलाताईंनी बोलता फोन तसाच पाटावर उताणा ठेवला आणि उरलेल्या दुधातून तीन घोट पेलीत ओतले.