आवाज माझाच आहे, मुन्ना

आठवतोय ना तो आवाज? गाडीनं वेग घेतला की मागून कोल्ह्यासारखं कुणीतरी विव्हळायचं, तो? तो मीच. मी जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमधला टेल पिनियन बोलतोय. मूठभर दांड्यावर थोडेसे तिरके दाते, एवढाच माझा जीव. लोक माझ्या बोलण्याला आवाज म्हणतात आणि तो बंद करायला धडपडतात. मी काय सांगतोय, ते मात्र कुणी ऐकत नाही.

मी एकटा जन्मलो नाही. कारखान्यात मला आणि क्राउनला, म्हणजे माझ्याहून चौपट मोठ्या दातेरी चाकाला, एकमेकांवर घासून घासून तयार केलं. त्याचा दाता माझ्या खाचेत नीट बसेपर्यंत फिरवलं आणि दोघांवर एकच नंबर कोरला. आमची जातच अशी, की जन्मायचं जोडीनं आणि झिजायचंही जोडीनं.

आमचा मालक वीरेंद्र. नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवायचा. मी तेलात, काळोखात असायचो, पण त्याचा पाय मला ओळखू यायचा. क्लच असा सोडायचा, की मला धक्का म्हणून बसायचा नाही. रस्त्यात सांबर दिसलं की गाडी आपोआप थांबल्यासारखी थांबायची. एकदा बेअरिंग बदलायला त्यानं मला बाहेर काढलं आणि खूण म्हणून माझ्या दांड्यावर पंचनं दोन ठिपके मारले. ते अजून आहेत.

त्याचा धाकटा भाऊ मुन्ना शेजारी बसून पाने द्यायचा. शाळा त्यानं लवकरच सोडली होती. तोंडानं तिखट, हातानं घाईचा.

"हळू ना बे, बोल्ट आहे, कोंबडी नाही मुंडी पिरगाळायले," वीरेंद्र हसायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी एका नाल्यात गाडी फसली आणि क्राउनचा एक दाता तुटला. वीरेंद्र गोंदियाला जाऊन नवी जोडी घेऊन आला. डबा फडताळावर ठेवून म्हणाला, "रोवणा होऊ दे, मंग दोघं मिळून बसवू."

रोवणा सुरू असतानाच, भाताच्या बांधीत रोपं लावताना त्याच्यावर वीज पडली.

त्या दिवशी गाडी मुन्नानं चालवली. मागच्या सीटवर वीरेंद्र, त्याचं डोकं बायकोच्या, दामिनीच्या मांडीवर. मुन्नानं क्लच सोडला तो दगड फेकल्यासारखा. तुटक्या दात्याचं टक, टक, टक दर फेऱ्याला वाजत होतं आणि वर मुन्ना ओरडत होता, "चाल ना गे! चाल ना!" आम्ही पळालो. जीव तोडून पळालो. दवाखान्यात पोचलोही. पण डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली.

नंतर गाडी पडवीत उभी राहिली. वर पाऊस वाजायचा आणि घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

पावसाळ्यात बंद असलेलं सफारीचं गेट उघडायची वेळ जवळ आली, तसा मुन्ना उठला. गेटवरच्या गाड्यांच्या यादीत वीरेंद्रचा नंबर होता. दादाचा नंबर दादाच्याच गाडीला राहिला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गाडी त्यानं एकट्यानं जॅकवर घेतली आणि आम्हाला बाहेर काढलं. तुटका क्राउन पोत्यात टाकून नवा घेतला. मग माझी पाळी आली. त्यानं मला चिंधीनं पुसलं. ते दोन ठिपके दिसले, तसा त्याचा हात थांबला.

"हा दादाच्या हातचा आहे. ह्यानंच दादाले दवाखान्यात पोचवलं. ह्याले नाही काढत मी."

तिथंच घात झाला. अरे बाबा, मी जुन्याबरोबर झिजलेला! नव्याचे कोरे दाते माझ्या खाचेत बसणार कसे? पण तोंड कुठंय मला? गाडी निघाली आणि मी जे होतं नव्हतं त्या बळानं ओरडलो, मला काढ! मुन्ना म्हणाला, "हट, तेल कमी असन."

तेल बदललं. मी ओरडलो. चाकं जॅकवर फिरवून बेअरिंग तपासली. मी ओरडलो. शाफ्टचा क्रॉस बदलला, पुढची टायरं मागं घातली, अंतर जुळवायच्या पातळ पत्त्या काढल्या, पुन्हा घातल्या. पाय दिला की मी विव्हळायचो आणि पाय काढला की गुरगुरायचो. याहून स्पष्ट कसं सांगणार? एकदा संतापानं त्यानं पाना फेकला, तो थेट बांधीच्या चिखलात. मग सगळी सकाळ गुडघाभर चिखलात पाना शोधत, मला शिव्या देत होता. मीही त्याला देत होतो.

गेटवरचा गाइड दुलीचंद, वीरेंद्रचा जुना दोस्त, गाडी बघायला आला. दोघं एक चक्कर मारून आले.

"काऊन रे मुन्ना, गाडीत कोल्हा बांधून आणला का? हा आवाज ऐकून आपला बिबट मध्यप्रदेशात निघून जाऊन राहिला."

"हसू नोको दुलीचंददादा."

"हसत नाही, बाबू. परवा गेट उघडते. असा आवाज राहिला तं साहेब गाडी आत सोडत नाही. नंबर दुसऱ्याले देतीन."

मुन्नानं चाकाला लाथ मारली. मग पायाचा अंगठा धरून तो तिथंच बसला. अंगठा चोळत म्हणाला, "दादा शेंदूर लावून पाहे. दात्याले तेलातला शेंदूर लावायचा, गेअर फिरवायचा. ठसा मधोमध आला तं बरोबर."

आम्हाला पुन्हा बाहेर काढलं. पण घरात शेंदूर नव्हता. दाराशी उभी असलेली दामिनी आत गेली आणि फडताळावरून कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"वहिनी, हे नोको."

"घ्या ना भाऊजी. पडूनच आहे आता."

त्यानं मान खाली घालून तेलात कुंकू कालवलं, क्राउनच्या दात्यांना लावलं आणि मला फिरवलं. ठसा मधोमध नव्हता. दात्याच्या अगदी कडेला नखाएवढी रेघ उमटली होती, बाकी सगळं लाल तसंच. मुन्ना बघत राहिला.

दामिनीनं विचारलं, "तुमच्या भावानं तं दोन आणले होते. एक काऊन ठेवला डब्यात?"

"जुना चांगला आहे. दादाच्या हातचा आहे."

"डब्यातलाही त्यांच्याच हातचा आहे, भाऊजी. गोंदियाहून मांडीवर घेऊन आले होते बसमधून. मी संगं होती, खाली ठेवा म्हटलं, तं म्हणे, जोडी आहे, आदळली नाही पाहिजे."

मुन्नानं हातातली चिंधी खाली ठेवली. उठला आणि डबा घेऊन आला.

नव्या पिनियनचा ठसा मधोमध उमटला. मुन्नानं मला पुसून डॅशबोर्डवर चिंधीवर ठेवलं आणि दुलीचंदला शेजारी घेऊन गाडी जंगलाच्या रस्त्यावर काढली. जन्मभर रस्ता मी खालून ओळखला. त्या दिवशी पहिल्यांदा वरून पाहिला.

गाडीनं वेग घेतला. आवाज नाही. पाय काढला. आवाज नाही. मुन्नानं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. सागाची पानं ऐकू आली, कुठंतरी मोर ऐकू आला. आता तपासायला काहीच उरलं नव्हतं. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि "दादा" म्हणून जो हंबरडा फोडला, तसा मी कधी ओरडलो नव्हतो.

दुलीचंद त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. "रड," म्हणाला. "गाडी गप झाली. आता तू रड."

गेट उघडलं, त्या दिवशी वीरेंद्रच्या नंबरावर वीरेंद्रचीच गाडी आत गेली.

मी अजून डॅशबोर्डवरच आहे. वळण आलं की मुन्ना मला एका हातानं धरतो, पडू नये म्हणून. पर्यटक विचारतात, हे काय आहे? तो सांगत नाही. मुन्ना, आता तू इंजिन बंद करून बसतोस, तेव्हा तरी ऐक. तुझ्या दादाच्या हातचं आता खाली फिरतंय, आणि चांगलं फिरतंय. मला इथं धरून ठेवू नको. पडवीतल्या पोत्यात माझा तुटक्या दात्याचा क्राउन एकटा पडलाय. मला त्याच्याजवळ नेऊन ठेव.

आणि क्लच हळू सोड, बाबा. कोंबडी नाही ती.