जवळच्या खांबावरचा कॉर्नर

माझा भाऊ शेखर गेली आठ वर्षं एकाच कॉर्नरवर जिंकत आलाय आणि गेली आठ वर्षं त्यावरून माझं डोकं फिरतंय.

आधी कशाबद्दल बोलतेय ते सांगते. कम्प्युटरवर फुटबॉलच्या मॅनेजरचा एक गेम असतो. त्यात आपण चेंडूला लाथ मारायची नसते. क्लब चालवायचा, खेळाडू घ्यायचे, विकायचे, कोण कुठं उभा राहील ते ठरवायचं आणि मग मॅच नुसती बघायची. दादा लोणारला, मी जळगाव जामोदला. दोघांचे दोन क्लब, इंग्लंडातल्या कुठल्याशा खालच्या विभागात, एकाच लीगमध्ये. बाकीचे सगळे क्लब कम्प्युटर चालवतो. माझं औषधांचं दुकान आहे, दादाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं. दुपारी दोन ते चार दोन्ही दुकानांत माशा मारायची वेळ, तेव्हा आम्ही खेळतो. चाळिशी उलटलेल्या बहीण-भावाला हे शोभतं का, असं माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. नसेलही शोभत.

मी खऱ्यासारखं खेळते. आठवड्यात दोन मॅच असल्या की दमलेल्याला बाहेर बसवते. समोरचा संघ कुठून घुसतो ते आधी बघते. अठरा वर्षांच्या पोरावर एकदम भार टाकत नाही. एवढं करून मी लीगमध्ये सातवी, आठवी, फार तर पाचवी येते. तरी रात्री झोप लागते, कारण जे केलं ते फुटबॉल होतं.

दादाचं तसं नाही. तो तीन स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारे, एका रांगेत पुढे ठेवतो, कडेला कुणीच नाही, आणि प्रत्येक कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणारी किक, गोलच्या जवळच्या खांबावर मारतो. तिथं त्याचा एक उंच बचावपटू उभा असतो. कम्प्युटरच्या संघांना ती जागा झाकायची अक्कलच नाही. गेम बनवणाऱ्यांकडून राहून गेलेली खोट आहे ती. एकदा गोल खाल्ला, दहादा खाल्ला, तरी अकराव्यांदा ती जागा मोकळीच. त्या उंच माणसानं, बचावपटूनं, एका हंगामात एक्केचाळीस गोल केले. दादा पहिला आला. मी फोनवर ओरडले होते त्याच्यावर.

"हे फुटबॉल नोहे दादा. हे कम्प्युटरले फसवणं हाये."

"गेममध्ये हाये ना? मंग चालते," तो म्हणाला आणि फोनच्या पलीकडं त्याचं झेरॉक्सचं मशीन सुरू झालं.

वर्षातून एकदा आम्ही समोरासमोर बसून खेळतो, भाऊबीजेला. ओवाळून झालं, जेवणं झाली, की त्याच्या घरी दोन लॅपटॉप समोरासमोर मांडायचे आणि आमच्या दोन क्लबांची मॅच लावायची. ही आमच्या घरची रीत. आणि ती मॅच मी कधीच हरले नाही. मी माणूस आहे, मला अक्कल आहे, मी जवळच्या खांबावर एक माणूस उभा करते. झालं, दादाची विद्या तिथंच संपते. तरी पुढच्या वर्षी तो तेच घेऊन येतो. कम्प्युटर शिकत नाही तसा दादाही शिकत नाही, असं मी माझ्या शिक्षक नवऱ्याला, प्रेमला, हसत हसत सांगायचे.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. किसनराव म्हणजे आमचे बाबा, एसटीचे ड्रायव्हर होते. सहा फूट उंच, अंगानं आडवे. पाच वर्षांपूर्वी लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते दादाकडे आहेत. उठवणं, बसवणं, संडासला नेणं, कूस बदलणं, सगळं दादा करतो. सुवर्णावहिनी अंगानं काडी, सकाळी अंगणवाडी सांभाळते, तिच्याच्यानं बाबा उचलवत नाहीत. आणि उचलून उचलून दादालाच हर्निया झालाय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, गाठ एखाद्या दिवशी अडकली तर जिवावर बेतेल. ऑपरेशननंतर दोन महिने काही उचलायचं नाही. म्हणजे दोन महिने बाबांना दुसरीकडे ठेवावं लागणार, आणि दुसरीकडे म्हणजे माझ्याकडे, तिसरी जागा नाही. त्यापायी दोनदा तारीख घेऊन दोनदा मोडून झाली होती.

या भाऊबीजेला प्रेमनं मला लोणारला सोडलं आणि तो गाडी घेऊन मेहकरला स्वतःच्या बहिणीकडे गेला. मी दादाला ओवाळलं. त्याचे डोळे आत गेले होते. पाटावरून उठताना त्यानं आधी भिंतीला हात लावला आणि मग उठला. मी पाहिलं आणि निरांजन उचलून ठेवायला आत गेले.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप सुरू केले. गेम उघडेपर्यंत दादा म्हणाला, "योगे, डॉक्टरनं तारीख देल्ली. अठराची."

"बरं झालं. करून टाक एकदाचं."

"हाव. पण दोन महिने बाबाले..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं सुरू झालं. "दादा, थंडीत दुकानात किती गर्दी असते तुले माहीत हाये. सर्दी, खोकला, दम्याचे पेशंट. प्रेमच्या शाळेत परीक्षा. अन् आमचा जिना असा अरुंद, बाबाले वर न्याचं कसं?"

"बरं," दादा म्हणाला. "मंग संक्रांतीनंतर पाहू." त्यानं मॅच सुरू केली.

विसाव्या मिनिटाला मी गोल केला. पस्तिसाव्याला दुसरा. त्याचे चारही कॉर्नर जवळच्या खांबावर आले आणि माझ्या माणसानं चारही बाहेर काढले. मी खूश होते. खरं सांगते, अगदी खूश होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली, अर्धी जीभ वळते तशी.

"आलो," दादा उठला. "माह्या बाजूनंबी तूच चालव थोडं. थांबवू नको, मंग सगळं अडकते."

मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. मध्यंतर झालं होतं. खेळाडू बदलायचा का म्हणून बघताना त्याच्या डावपेचांची यादी उघडली. त्यात दोनच होते. एकाचं नाव 'रोजचा'. दुसऱ्याचं नाव 'योगिनी'.

उघडू नये, हे मला कळत होतं. मी उघडला.

तीन स्ट्रायकर नव्हते. मागं चार, मधे चार, सगळं जागच्या जागी. माझा डावा बचावपटू यंदाच घेतलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, वळायला जरा वेळ लावतो, हे फक्त मला माहीत आहे असं मी समजत होते. त्याच्याच बाजूनं दादानं दोन वेगवान माणसं लावली होती. माझा सगळा खेळ मधल्या एका माणसाकडून फिरतो, त्याच्यावर एक जण नुसता चिकटवून ठेवला होता. आणि कॉर्नर दूरच्या खांबावर. मी जवळच्या खांबावर माणूस लावणार हे धरून, दूरच्या खांबाकडे तिघांना पाठवलेलं. असा डावपेच मी केला असता तर महिनाभर मिरवला असता. तो लावला असता तर मी तीन गोलांनी हरले असते.

आतून दादाचा आवाज आला, "एक, दोन, हां." मग श्वास अडकल्याचा आवाज. मग पुन्हा, "एक, दोन."

मी आत गेले. बाबा पलंगावरून अर्धे घसरले होते. दादा एका हातानं त्यांना कवेत धरून उभा होता आणि दुसरा हात त्यानं स्वतःच्या जांघेत दाबून धरला होता. पाच वर्षांत मी या खोलीत कितीदा आले असेन. खुर्ची ओढून बसले, फळं ठेवली, गोळ्यांची नावं तपासून दिली. बाबांना उचललं एकदाही नव्हतं.

"सरक," मी म्हटलं आणि बाबांच्या दुसऱ्या काखेत हात घातला. सगळं वजन माझ्या अंगावर आलं. माणूस एवढा जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. खोलीतल्या संडासाच्या खुर्चीपर्यंत चार पावलं होती. तिथं बसवलं, थांबलो, धुतलं, पुसलं, परत उचललं, कूस दिली, उशी पाठीला लावली. बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर आले तेव्हा माझी पाठ भरून आली होती आणि ब्लाउज घामानं चिकटला होता.

"हे दिवसातून किती वेळा?"

"सहा-सात. रात्री दोनदा," दादा म्हणाला. "कधी तीनदा."

तो खुर्चीत बसला आणि त्याला पडद्यावर उघडा राहिलेला तो डावपेच दिसला. चोरी त्याचीच पकडली गेल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"हे कधीपासून हाये?" मी विचारलं.

"तिसऱ्या वर्षापासून. दरसाल थोडं दुरुस्त करतो. तू माणसं बदलत राह्यतं ना."

"मंग लावलं काऊन नाही?"

"भाऊबीजेले तुले हरवू का?" तो कसनुसा हसला. "तुले लई आनंद होते जिंकल्यावर. दिवाळीपासून होळीलोक तेच सांगत असतं."

"अन् वर्षभर तो कॉर्नर? इतकं येते तुले, तरी तो भंगार कॉर्नर?"

त्यानं डोळे चोळले. "योगे, सकाळी उठलो का बाबा आज जेवतीन का नाही, माहीत नाही. रात्री झोप भेटन का नाही, माहीत नाही. दुकानात लाइट राहीन का नाही, माहीत नाही. तो कॉर्नर मारला का गोल होते. दर वेळी होते. तेवढं पाहून बरं वाटते मले. डोकं चालवाची ताकद राह्यत नाही दुपारी."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "मंग माहा जिना, गर्दी, परीक्षा? हेबी तुले आधीच माहीत असते?"

दादानं पडद्यावरचा डावपेच बंद केला. रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हताच.

"गेल्या साली जिना पहिले सांगतला होता," तो म्हणाला. "यंदा गर्दी पहिले."

मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कम्प्युटरला फसवायचं नाही म्हणून आठ वर्षं मी या माणसाला ऐकवत होते आणि पाच वर्षं याच माणसावर एकच चाल खेळत होते. मी कारण सांगायचं, तो बरं म्हणणार. दर वेळी म्हणणार. आणि जिना! आमच्या दुकानामागं तळमजल्यावर औषधांच्या खोक्यांची खोली आहे. खोकी हलवली की पलंग बसतो, बाथरूमही तिथंच आहे. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. प्रेमलाही माहीत होतं. आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचो नाही, एवढंच.

मी अंगणात जाऊन प्रेमला फोन लावला. "बाबाले आज आपल्यासोबत नेऊ," म्हटलं. तो म्हणाला, "खोकी कुठी ठेवाची?" मी म्हटलं, "जिन्यात."

आत येऊन दादाला सांगितलं, "बाबाले घेऊन जाऊन राह्यली मी. आजच. अठरा तारीख मोडू नको."

तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं मी रागात बोलतेय. "अवं, तसं नोहे, मी काही लावून नाही बोललो..."

"मीबी लावून नाही बोलत. काय काय लागते ते सांग."

सुवर्णावहिनी दारात हातातलं भांडं तसंच धरून उभी होती. ती ते खाली ठेवून कपाटातून बाबांचे कपडे काढायला लागली. दादा बोलत सुटला. मी दुकानाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लिहीत होते. डाव्या कुशीवर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. पाणी चमच्यानं, पेल्यानं ठसका लागतो. भातात वरण जास्त. दाढी करताना उजव्या गालाला त्यांना कळत नाही, कापलं तर सांगणार नाहीत. रात्री हाक मारली आणि लगेच गेलं नाही तर ते रडतात, तेव्हा रागवायचं नाही, थोडा वेळ हात धरायचा. रेडिओ लागतो. उचलताना आधी सांगायचं, एकदम हात घालायचा नाही, त्यांना भीती वाटते.

"अन् वजन कमरेवर नाही घ्याचं," तो सोफ्यावर टेकत म्हणाला. "मांड्यांवर घ्याचं. मी पहिले कमरेवरच घेतलं, म्हणून तं..."

मी लिहून वर पाहिलं तर त्याचे डोळे मिटले होते. मला वाटलं आठवतोय. मग मान कलंडली आणि तोंड उघडं पडलं. दुपारचे साडेतीन वाजले होते. समोर लॅपटॉपवर आमची मॅच कधीच संपून गेली होती.

प्रेम आला. मी, प्रेम आणि शेजारचे तुळशीरामभाऊ, तिघांनी मिळून बाबांना गाडीत बसवलं. गादी टाकताना दार दोनदा आपटलं, बाबा एकदा मोठ्यानं ओरडले. दादा हलला नाही.

बाबा मागच्या सीटवरून घराकडे बघत होते. "शेखर?" ते म्हणाले.

"त्याले उठवू का?" वहिनीनं मला विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "न सांगता गेले म्हणून मंग चिडतीन माह्यावर."

"चिडू दे," मी म्हटलं. "पण आज उठवू नको. उद्याबी नको."