मोडांना विरजण

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि आधीच सांगून ठेवते, शिंपीमास्तरांना मी आजारी पाडलं नाही. कुणी काहीही म्हणो. मला जिन्याखाली टाकलं, माझ्यात गंजके खिळे भरले, तरी माझं म्हणणं तेच होतं आणि आजही तेच आहे.

माझा जन्म भट्टीतला. तापलेल्या काचेचा गोळा साच्यात पडला, त्यात हवा फुंकली आणि मी झाले. तोंड रुंद, अंग जाड, कुठे बुडबुडा नाही. बरीच वर्षं मी एका दुकानात मध मिरवला. दुकान बंद झालं तेव्हा शिंपीमास्तरांच्या बायकोने मला घरी आणलं. तिला सगळी गल्ली काकू म्हणते, म्हणून मीही काकूच म्हणते.

काकूंनी मला मोड आणायच्या कामाला लावलं. रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी माझ्या तोंडाला फडकं बांधून मला तिरकं टेकवायचं, पाणी निथळू द्यायचं आणि सकाळ-संध्याकाळ ताज्या पाण्याने मूग खळबळून घ्यायचे. इथवर सगळं ठीक होतं. पण काकूंचं दही गल्लीत नावाजलेलं. दह्याला विरजण लागतं, मग मोडांना का नको, असं एकदा त्यांच्या डोक्यात शिरलं. झालं! मोड काढून घेताना त्या मूठभर मोड आणि थोडं भिजवणीचं पाणी माझ्यात राखून ठेवू लागल्या आणि त्यावरच नवे मूग ओतू लागल्या. मला घासणंही बंद झालं, कारण घासलं तर विरजण जाईल.

उन्हाळ्याच्या उबेने मोड भराभर येत. शेजारणी विचारायला येत आणि काकू हसून सांगत की बरणीचा गुण आहे. म्हणजे चांगलं झालं तेव्हाही माझंच नाव! इकडे माझ्या तळाला बुळबुळीत थर धरत होता आणि आंबूस वास सुटला होता. मला तोंड आहे, पण वाचा नाही. मला फक्त पारदर्शक राहता येतं, तेवढी मी राहिले. बघणाऱ्याने बघायला नको?

त्यातच मास्तर मोठ्या तापातून उठले. सुईत दोरा ओवतानाही त्यांचे हात थरथरत. काकूंचा जीव तुटायचा. त्यांना ताकद यावी म्हणून त्या रोज वाटीभर कच्चे मोड समोर बसून खाऊ घालायच्या. थोड्याच दिवसांत मास्तरांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि त्यांना दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. माणूस हाती लागतो की नाही, अशी वेळ आली. शिलाईयंत्रावर चादर पडली आणि घरात कुणाला घास गोड लागेना.

मास्तरांची थोरली बहीण धावत आली आणि तिने मलाच धरलं. परक्या दुकानातली बरणी, तिच्यात आधी काय काय ठेवलं असेल, पांढऱ्या पायाची मेली, असं ती बरंच बोलली. पांढऱ्या पायाची? मला पाय तरी आहेत का? तिने मला जिन्याखाली भिरकावलं. माझ्या ओठाचा टवका उडाला तो तेव्हाच. राग आला? आला तर! अजून गेलेला नाही.

दवाखान्यात काय झालं ते मला पुढे काकूंच्या तोंडूनच कळलं. मास्तरांनी काय खाल्लं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा काकूंनी विरजणाची युक्ती मोठ्या कौतुकाने सांगितली. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

“अहो, दह्याचं विरजण वेगळं. या शिळ्या पाण्यात तुम्ही कुठले जंतू पोसत होता, कुणाला ठाऊक?”

मास्तर वाचले. ते घरी यायच्या आधी काकूंनी मला जिन्याखालून काढलं, खिळे ओतून टाकले आणि मला घासून पाण्यात उकळवलं. मग पुसताना त्यांचं बोट टवक्यावर अडकलं. फुटक्या ओठात घाण अडकते आणि काचेचा कण खाण्यात जाऊ शकतो, म्हणून मी मोडांच्या कामातून कायमची उठले. काकू पायरीवर बसून रडल्या. अन्याय माझ्यावर झाला आणि रडल्या त्या!

आता माझ्या जागी नवी बरणी आहे. तिचं सगळं मी फळीवरून डोळ्यांत तेल घालून बघते. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं घरात येत नाही, खाण्याचेच मूग आणतात. फुटके, डागाळलेले दाणे निवडून टाकतात. हात साबणाने धुतात, बरणी दर वेळी उकळतात, मूग नितळ पाणी येईपर्यंत धुतात आणि मगच स्वच्छ पाण्यात भिजवतात. भिजवणीचं पाणी सगळं मोरीत जातं. मोड आले की फ्रिजमध्ये. वास आला किंवा बुळबुळीत लागले की सरळ कचऱ्यात. आणि एवढं करूनही काही जंतू दाण्यातच लपून राहतात, म्हणून मास्तरांना मोड नीट शिजवूनच मिळतात.

मध्यंतरी एकदा नणंदबाई आल्या. मी फळीवर होते, पोटात मोडांची धुतलेली फडकी घेऊन. ही अवदसा अजून घरात कशी, असं त्यांनी विचारलं. मास्तर यंत्रावर होते, त्यांचे पाय थांबले. काकूंनी मला खाली घेतलं आणि पदराने पुसलं.

“वन्सं, तिला काही बोलू नका. तिच्यातून सगळं दिसत होतं, मीच बघितलं नाही. चूक माझ्या हातांची होती.”

मित्रांनो, भांड्याला बोल लावण्याआधी ते घासा आणि आत डोकावून बघा. माझा टवका काही भरून येणार नाही. पण त्या दिवसापासून या घरात मला कुणी नावं ठेवलेली नाहीत. ठेवून तर बघा!