मी तीनदा अडकते

मी एक रेकॉर्ड बोलतेय. काळी, गोल, ताटाएवढी आणि कडेला भाकरीसारखी फुगलेली. मला लावलंत तर गाण्याआधी भजी तळल्याचा आवाज येईल. घाबरू नका. ते गाण्यातलंच आहे, असं मी गेली चाळीस वर्षं लोकांना भासवत आलेय.

माझ्यावर बुद्ध-भीमगीतं आहेत. एके काळी मराठवाड्यात ही गाणी ठाऊक नाहीत असा विहार सापडला नसता. गायकाचं नाव माझ्या लेबलावर होतं, ते बोटं लागून लागून पुसलं गेलं. मी मात्र पहिल्या खेपेची, अगदी अस्सल, असा माझा पक्का समज होता. तो मला कुणी करून दिला म्हणाल, तर मीच.

तातेराव गुरुजींनी मला कुंभार पिंपळगावला आणलं. ते तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. मला ऐकायला सगळी वस्ती त्यांच्या अंगणात जमली. सुई नीट बसावी म्हणून गुरुजींनी तिच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. नाणं घसरलं, ते धरायला गुरुजींनी हात घातला आणि सुई माझ्या अंगावरून नांगरासारखी फिरली. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गाण्यात मी कायमची अधू झाले.

गाण्याची ओळ अशी: ‘ऊठ गड्या, कंदील विझव, उजाडलंय बाहेर.’ त्यातल्या ‘ऊठ गड्या’वर मी अडकते. कुणी बोटाने सुई पुढे ढकलेपर्यंत तेवढंच म्हणत राहते. भली भली माणसं भाषणात असंच करतात, त्यामुळे मी फार मनाला लावून घेतलं नाही.

जयंतीला मी विहाराच्या ओट्यावर वाजायचे. गुरुजी फाटकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला जयभीम करायचे. पण मला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. मी अडकले की ते फाटकातून निघायचे, पटांगण ओलांडून यायचे आणि बोट लावायचे. तेवढ्यात ‘ऊठ गड्या’ मोजून तीनदा व्हायचं. होता होता गाव तसंच शिकलं. बाया तीनदा म्हणायच्या, लग्नात तीनदा, बारशात तीनदा. मूळ गाण्यात ते एकदाच आहे, हे पुढे कुणाला ठाऊकच राहिलं नाही.

नंतर कॅसेट आल्या, मोबाइल आले. मला वर्षातून एकदा, जयंतीलाच बाहेर काढायचे. उरलेले दिवस मी पाण्याच्या रांजणावर झाकण होते. मधल्या भोकातून चिलटं आत जायची, त्यामुळे झाकण म्हणूनही माझं काही नाव झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गेले.

त्यांचा मुलगा राजानंद जालन्यात राहतो. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत, बी उगवतं की नाही हे तपासण्याच्या कामावर आहे. गुरुजींच्या मागची पहिली जयंती जवळ आली, तेव्हा गावाने त्याला सांगितलं की गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून दे. साधं काम होतं. पण राजानंद पडला तपासणीवाला. त्याने मला गावाहून जालन्याला नेलं, एका शौकिनाकडून याच गाण्यांची खरीखुरी पहिल्या खेपेची रेकॉर्ड मागून आणली, नव्याने निघालेली जाडजूड रेकॉर्डही मागवली, आणि आम्हा तिघींना टेबलावर मांडलं.

तिथेच माझं पितळ उघडं पडलं. पहिलीच्या लेबलाजवळ कोरलेला आकडा वेगळा, माझा वेगळा. राजानंद त्याच्या बायकोला, संध्याला, सांगत होता की मालाची टंचाई असली की फुटक्या रेकॉर्डी वितळवून नव्या करत, ही त्यातलीच दिसतेय. भजी कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं. संध्या म्हणाली, जी हरेल तिचं भिंतीवरचं घड्याळ करू, मी मोबाइलवर पाहिलंय. मी मनातल्या मनात किती वाजले ते मोजू लागले.

रविवारी सकाळी परीक्षा झाली. बियाण्याच्या नमुन्यासारखी आमची नावं कागद चिकटवून झाकली आणि वर क, ख, ग लिहिलं. परीक्षक दोघं. एक राजानंदचा सहकारी केशव, जो कुकरची शिट्टीसुद्धा डोळे मिटून ऐकतो. दुसरी राजानंदची माय, सत्यशीला. यंदा जयंतीला गावात बायांच्या पुढे होऊन गाणं म्हणायचं काम तिच्याकडे होतं, आणि गुरुजींच्या मागे आपल्याला ते जमेल की नाही, या काळजीनेच ती आली होती.

क, म्हणजे पहिली, वाजली. केशवला गायकाचा श्वास ऐकू आला. त्याने नऊ मार्क दिले. सत्यशीलाने सोबत म्हणायला सुरुवात केली, ‘ऊठ गड्या’ तीनदा म्हटलं, तोवर गाणं उजाडून पार पुढे गेलं होतं. ख, म्हणजे नवी. तिला आठ मार्क, आणि सत्यशीला पुन्हा मागे पडली.

“राजा, ह्या दोन्ही बिघडल्यात,” ती म्हणाली. “गाणं पुढं पळून राह्यलं.”

मग माझी पाळी. भजी सुरू झाली. केशवने भिडेखातर दोन मार्क लिहिले. सत्यशीला आता आवाज चढवून म्हणत होती, आणि मी माझ्या जागी येऊन अडकले. ऊठ गड्या. ऊठ गड्या. ऊठ गड्या.

चौथ्यांदा म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं. सत्यशीला दाराकडे बघत होती. राजानंद पेन धरून तसाच बसला होता. नवव्यांदा मी तेच म्हणाले, तरी कुणी उठेना. मला थांबता येत नव्हतं, आणि इतकी लाज मला रांजणावरही वाटली नव्हती.

“आता कोण येणार हाय फाटकातून?” सत्यशीला हळूच म्हणाली. “तूच ऊठ, बाबा.”

राजानंद उठला. त्याने बोट लावलं. खट्ट झालं आणि मी पुढे गेले. रेकॉर्डला रडता येत नाही. आलंच असेल काही, तर ते भज्यांत मिसळून गेलं.

निकाल सांगते. पेनड्राइव्हमध्ये पहिलीच गेली. माझा आवाज नापास झाला, खोड तेवढी पास झाली, कारण राजानंदने कॉम्प्युटरवर पहिलीचं ‘ऊठ गड्या’ तीनदा जोडलं. मायला ऐकवलं. ती म्हणाली, बराबर हाय, पण शेवटी ते खट्ट न्हाई. मग त्याने माझ्यातून तेवढं खट्ट काढून घेतलं. सगळ्या गाण्यांत मिळून माझा हा एक सेकंद. तरी मी कपाटातल्या शेजारणींना सांगते की मुख्य भूमिका माझीच आहे.

जयंतीला सत्यशीलाने मला मांडीवर घेऊन गावी नेलं. स्पीकरवर गाणं लागलं. बायांनी तीनदा म्हटलं, खट्ट झालं, आणि जुन्या बायांच्या माना फाटकाकडे वळल्या. सत्यशीलाचा आवाज तिथे फुटला, पण पुढची ओळ तिनेच उचलली आणि गाणं तडीस नेलं.

माझं घड्याळ झालं नाही. संध्यानेच मला धुऊन-पुसून कपाटात ठेवलंय. तुमच्या घरात एखादी अशी अडकणारी असेल, तर एवढं ऐका. ती अडकली की लगेच धावू नका. तीनदा म्हणू द्या. फाटकापासून यायला तेवढा वेळ लागतोच.